घंटी झाली होती

बाबा,

माझी चूक झाली आहे आणि राग तुमचा येतोय. हे बरोबर नाही, मला कळतं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मेलेल्या माणसावर चिडून कुणाचं काही भलं होत नाही. पण तीन आठवडे मी पोंभुर्ण्याच्या घरात बसून आहे, दुपारचं ऊन विहाराच्या भिंतीवरून आपल्या ओसरीत येतं आणि जातं, आणि मी फिरून फिरून तुमच्याशीच भांडते आहे. कंपनीने मला उड्डाणातून बाजूला केलंय. सोमवारी चौकशी समितीपुढे जायचंय. गल्लीतल्या बायका विचारतात, बाई, लई दिवसाची सुट्टी भेटली का, आणि मी उत्तर द्यायच्या आत आई सांगते की हो, साचलेली सुट्टी घेतली. आईला खोटं बोलायची सवय नाही, तिचा आवाज लगेच चढतो, सगळ्यांना कळतं.

झालं काय ते आधी सांगते. तुम्ही मला शिकाऊ असताना पाहिलंत, कॅप्टन झालेली पाहिलं नाहीत. आता मी डाव्या खुर्चीत बसते. सत्तर माणसांचं, पंख्यांचं विमान, तुम्ही चालवायचात त्या लाल एसटीत सणासुदीला जेवढे लोक कोंबले जायचे जवळजवळ तेवढेच. उजव्या खुर्चीत सहवैमानिक. माझे त्या दिवशीचे सहवैमानिक माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे, नागपूरचे. त्यांची जुनी कंपनी बंद पडली म्हणून पन्नाशीत पुन्हा उजवीकडे बसून सुरुवात केलेले. ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना सर म्हणते, आणि अख्खा दिवस आम्ही एकमेकांना मान देत बसतो. तर त्या सकाळी टॉवरने सांगितलं, धावपट्टीवर या आणि थांबा. थांबा. हा शब्द मी स्वतः रेडिओवर परत म्हणून दाखवला, तसा नियमच आहे. आम्ही धावपट्टीवर आलो, नाक सरळ केलं, थांबलो. समोरच्या टोकाला एक मोठं विमान धावपट्टी ओलांडत होतं. तेही मला दिसत होतं.

आमच्याकडे असं असतं की प्रवाशांचे पट्टे बांधून झाले, सगळं आवरलं, की मागची मुलगी एक बटण दाबते आणि पुढे आमच्याकडे दोन ठोके वाजतात. टिंग टिंग. केबिन तयार आहे, एवढाच त्याचा अर्थ. एरवी हे ठोके आम्ही धावपट्टीपासून लांब, हळूहळू चालत असतानाच वाजून जातात. त्या दिवशी कुणीतरी आजोबा वरच्या कप्प्यातली पिशवी काढायला उठले, त्यांना बसवण्यात वेळ गेला, आणि ठोके वाजले ते आम्ही धावपट्टीवर उभे असताना. टिंग टिंग. आणि बाबा, माझा हात पुढे गेला. पॉवर लिव्हर पुढे, पाय ब्रेकवरून मोकळे, विमान निघालं. मी काही विचार केला आणि मग निघाले असं झालंच नाही. विचार मागून आला. त्याच्याही आधी सरांचा आवाज आला, स्टॉप, स्टॉप, आणि मी लिव्हर मागे ओढले, ब्रेक मारला. शे-दोनशे मीटर गेलो असू. कुणाला काही झालं नाही. मागे कुणाला कळलंसुद्धा नाही. समोरचं विमान आरामात ओलांडून गेलं. टॉवरवरच्या माणसाने मात्र फक्त आमच्या विमानाचा क्रमांक घेतला.

समिती विचारणार, का निघालात? याचं इंग्रजीतलं उत्तर मला पाठ आहे. मन अपेक्षेने भरलेलं असलं की नसलेली परवानगी मिळाल्यासारखी वाटते, असं काहीतरी. त्याला नाव आहे, त्यावर आम्हाला वर्ग असतो. खरं उत्तर मी त्यांना कसं देऊ? की मी पाच वर्षांची असल्यापासून तुमच्या शेजारी, इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर गोधडीची घडी टाकून बसायची? की कंडक्टरने छताची दोरी ओढली, एक घंटी झाली की तुमचा पाय ब्रेकवर, दोन घंट्या झाल्या की क्लच सुटला? तुम्ही बघायचात रस्त्याकडे, बोलायचात माझ्याशी, आणि पाय घंटीचं ऐकायचा. मीही माझा पाय पत्र्यावर दाबायची, दोन घंट्या झाल्या की. गाडी मीच काढली असं वाटायचं. घरी आई गंमत म्हणून पळी दोनदा परातीवर आपटायची आणि जेवता जेवता तुमचा पाय हलायचा. आम्ही दोघी हसून लोळायचो. तुम्ही चिडायचात, म्हणायचात, काऊन सतावून राह्यल्या गरीब माणसाले. त्या हसण्याची किंमत ही अशी वसूल होईल हे तेव्हा कुणाला माहीत होतं. इतकी वर्षं शिकले, इतके तास उडाले, इतक्या परीक्षा दिल्या, आणि शेवटी हात गेला तो तुमच्या घंटीवर.

आणि तुम्ही काही आंधळेपणाने गाडी हाकणारे नव्हतात, याचाच मला जास्त राग येतो. भामरागडच्या फेरीवर पावसाळ्यात पुलावर पाणी चढलं की मागून लोक ओरडायचे, चाला भाऊ, एवढं तर पाणी हाय. कंडक्टर दोरी ओढून थकायचा. तुम्ही चावी काढून खिशात टाकायचात आणि खाली उतरून तंबाखू मळत बसायचात. दोन-दोन दिवस गाडी अलीकडे उभी असायची. घरी आल्यावर तुम्ही सांगायचात की घंटी वाजव नाहीतर ढोल वाजव, गाडी माझी आहे. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. घंटी हा हुकूम नाही, शेवटचा शब्द स्टिअरिंगवर बसलेल्याचा, हे तुम्हीच मला शिकवलंत. मग त्या जिवतीच्या फेरीला काय झालं होतं?

मी अकरा वर्षांची होते. तुम्ही दुपारीच घरी आलात, जे कधी व्हायचं नाही. हातपाय न धुता चुलीजवळ पाटावर बसलात. आई अंबाडी निवडत होती. मी मागच्या खोलीत गणिताची वही घेऊन बसले होते, आणि तुम्ही मला पाहिलंच नाही. घाटाखालच्या थांब्यावर एक म्हातारी चढत होती, डोक्यावर गाठोडं. गाडी खचाखच भरलेली. मागून कुणीतरी म्हणालं की झालं, चला, आणि कंडक्टरकाकांनी गर्दीतूनच, दाराकडे न बघता, दोनदा दोरी ओढली. गाडी निघाली, म्हातारी पडली, कमरेचं हाड मोडलं. एवढं सगळ्या डेपोला कळलं. जे डेपोला कळलं नाही ते तुम्ही आईला सांगितलंत.

"मले आरशात दिसली होती थे बुढी," तुम्ही म्हणालात. "एक पाय वर, एक पाय खाली. पण घंटी झाली होती ना. पाय कवा गेला मलेच नाई समजलं."

आई म्हणाली, "मंग सांगाचं ना सायबाले तसं."

"सांगतलं त मी जातो घरी कायमचा. कंडक्टरले घेतीन परत सहा महिन्यात."

आई पुन्हा अंबाडी निवडायला लागली. तुम्ही उठून हात धुतलेत. डेपोत तुमचा जबाब झाला, त्यात एकच ओळ होती, तीही तुम्ही आईला वाचून दाखवलीत: घंटी झाल्यावर गाडी काढली. यात खोटं काय आहे? काहीच नाही. मी तेव्हापासून आजपर्यंत त्या ओळीत खोटा शब्द शोधते आहे, मला सापडलेला नाही. कंडक्टरकाका निलंबित झाले.

ते एकदा आपल्या घरी आले होते, आठवतं? जिवतीच्या डोंगरातला माणूस, तुमच्यापेक्षा वयाने मोठा तरी तुम्हाला भाऊ म्हणायचा. माझ्यासाठी तिकिटांच्या रिकाम्या पुठ्ठ्यांची चळत ठेवायचे. त्या दिवशी हात रिकामे होते आणि ते ओसरीत खाटेच्या अगदी कडेला बसले. चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलले, धानाला पाणी कमी पडलं म्हणाले. उठताना म्हणाले, "भाऊ, माहं चुकलंच, मी दाराकडं पाह्यलं नाई. पण तुमी आरशात पाह्यलं होतं का, तेवढं एक सायबाले सांगा." तुम्ही त्यांच्या चपलांकडे बघत होतात. म्हणालात, "पाहतो." मग ते गेले. पुढे त्यांना परत घेतलं पण फार उशिरा आणि दुसऱ्या डेपोत, आणि आपल्या गल्लीत ते पुन्हा दिसले नाहीत.

त्याच महिन्यात तुम्ही माझ्या सायकलला आरसा बसवलात. चंद्रपूरच्या बाजारातून आणलेला, गोल, स्कूटरला असतो तसा. अख्ख्या शाळेत कुणाच्या सायकलला आरसा नव्हता. पोरं मला विचारायची, वेणी पाहाले लावला का. मी रडत घरी आले, काढून टाका म्हणाले, आणि तुम्ही मला पहिल्यांदा आणि शेवटचं मारलंत. एक थप्पड. "आरसा राहू दे," एवढंच बोललात. मला काही कळलं नाही. आता कळतं आणि कळून संताप येतो. जे साहेबाला सांगायचं होतं ते तुम्ही माझ्या सायकलला लावलंत.

आता माझ्या जबाबाचं ऐका. त्या सकाळी आम्ही थांबलो, टॉवरची माफी मागितली, परवानगी घेतली आणि उडालो. पुढचे दोन टप्पेही केले. विमानात आमचं बोलणं ध्वनिमुद्रित होतं, पण ते दोन तासांचंच राहतं, नंतर त्यावर पुढचं चढतं. संध्याकाळी अहवाल लिहायला बसले तोवर सकाळचा आवाज पुसला गेला होता. मी लिहिलं: परवानगी नसल्याचे लक्षात येताच मी विमान थांबवले. बाबा, यात खोटं काय आहे? लक्षात आलंच, विमान मीच थांबवलं. फक्त लक्षात कुणी आणून दिलं तेवढं लिहिलं नाही. सरांनी त्यांच्या कागदात लिहिलं की मी स्टॉप म्हणालो. आता समितीसमोर दोन कागद आहेत, आणि माझ्या कागदात त्यांचा आवाजच नाही. म्हणजे ते एकतर झोपले होते किंवा आता स्वतःला वाचवायला गोष्ट रचताहेत. या वयात एवढा एक शेरा पुरेसा आहे. त्यांना पुन्हा कुणी खुर्ची देणार नाही.

परवा त्यांचा फोन आला. रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. आधी आईची तब्येत विचारली. मग म्हणाले, "मॅडम, मी स्टॉप म्हटलं होतं, तुमाले आठवून राह्यलं ना? तेवढं एक वाक्य तुमच्या कागदात नाई आहे. राहून गेलं असन." राहून गेलं असेल, असं म्हणून त्यांनी मला वाटसुद्धा करून दिली. मी म्हणाले, बघते. फोन ठेवला आणि मला तुमचा आवाज ऐकू आला. पाहतो. तसाच्या तसा, तीच लांबण, तेच खाली बघणं. मी फोन खाटेवर फेकला. आईने आतून विचारलं, काय पडलं?

आज सकाळी शेवटी मी आईला सगळं सांगितलं, माझ्या कागदाचं आणि त्या दुपारी तुमचं जे ऐकलं त्याचं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता ऐकत राहिली. मी म्हणाले, तू तरी बाबांना तेव्हा ठामपणे का नाही सांगितलंस? तुम्ही नाहीत म्हणून तिच्यावर ओरडले. तिने खडे बाजूला टाकले, मग म्हणाली, "गेले होते ना तुहे बाबा. रिटायर झाल्यावर. जिवतीले, त्याच्या घरी. पेढे घेऊन गेले. तो आंगनात बसून दिसला तुह्या बाबाले, अन् हे वापस आले. घरी येऊन बोलले, बुढा झाला तो. पेढे मी गल्लीत वाटले."

बाबा, दारापर्यंत? पोंभुर्ण्याहून चंद्रपूर, चंद्रपूरहून जिवती, दोन गाड्या बदलून, तो सगळा घाट चढून, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन तुम्ही त्या माणसाच्या अंगणापर्यंत गेलात आणि परत फिरलात? दहा पावलं राहिली होती. तुम्हाला माफ करावं असं मला वाटायला हवं होतं, आईने कदाचित त्यासाठीच सांगितलं. मला तसं काही वाटलं नाही. उलट तुम्हाला धरून गदागदा हलवावं असं वाटलं. न गेलेला माणूस समजू शकतो. जाऊन परत येणारा माणूस घरात असला की पोरांना नुसतं परत यायचं कसं तेवढं शिकायला मिळतं.

मग मी उठले आणि लॅपटॉप उघडला. समितीला पुरवणी जबाब पाठवला. चार ओळी. सहवैमानिकांनी स्टॉप म्हटलं म्हणून मी थांबले, त्याआधी माझ्या लक्षात काहीही आलेलं नव्हतं, पहिल्या अहवालात हे मी मुद्दाम लिहिलं नाही. मुद्दाम हा शब्द मी दोनदा खोडला आणि दोनदा लिहिला. चूक माफ होते, बाबा, आमच्यात चुकीला प्रशिक्षण असतं. लपवणाऱ्याला कुणी डाव्या खुर्चीत ठेवत नाही. पाठवा हे बटण दाबताना मला ते पुरतं माहीत होतं. वर्षभर उजवीकडे बसवतील, किंवा कायमचं, किंवा घरी. मग सरांना फोन लावला. मी म्हणाले, सर, तुम्ही थांबवलंत म्हणून मी थांबले, लिहून पाठवलंय, सोमवारी तोंडीही सांगणार आहे. ते म्हणाले, "लई बेकार होईन मॅडम तुमचं." मी म्हणाले, हो. ते म्हणाले, "जेवण झालं का तुमचं?" मी म्हणाले, व्हायचंय. ते म्हणाले, जेवून घ्या.

हे सगळं तुम्हाला दाखवायला लिहीत नाहीये, की बघा, तुमच्याने झालं नाही ते मी करून दाखवलं. तसं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, लिहून झालं की वही कपाटात जाईल. पण एक गोष्ट मी आईलाही सांगितलेली नाही आणि समितीने ती विचारलेली नाही. त्या दुपारी मागच्या खोलीत मी तुमचं सगळं ऐकलं होतं, तेवढं आईला आज कळलं. पण चार दिवसांनी डेपोतून बातमी आली की कंडक्टरकाका निलंबित झाले, तुम्ही राहिलात, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मी अकरा वर्षांची होते, मला सगळं कळत होतं, आणि नंतर एका संध्याकाळी ते आपल्या खाटेच्या कडेला बसून तुमच्याकडे एक वाक्य मागत होते तेव्हा मी दाराआड उभी राहून मनात म्हणत होते, बाबा, हो म्हणू नका.